तांडेल गोड बोलला तर

माझा बाप, धर्मा तांडेल, कुणाशी कधी गोड बोलला नाही. सकाळी डोळा उघडला की पहिली शिवी कोंबड्याला, दुसरी चहाला आणि तिसरी जो कुणी समोर येईल त्याला. अंधेरीहून वेसाव्याला येणारी बस कोळीवाड्याच्या तोंडाशी थांबते, तिथपर्यंत त्याचा आवाज जायचा. शेजारच्या बायका मला म्हणायच्या, "नलिनी, तुजा बापूस ओरडतंय, म्हंजे आज सगला ठीक हाय." परक्या माणसाला ही थट्टा वाटेल. थट्टा नव्हती ती.

तांडेल म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या. होडी कुणाच्याही मालकीची असो, किनारा सुटला की शब्द तांडेलाचा. आणि वादळात सापडल्यावर कुठलाही तांडेल आपल्या खलाशांना खरं सांगत नाही. सांगून करायचं काय? माणसं हातपाय गाळून बसतात. म्हणून तो शिव्या घालतो. दोर ओला का ठेवलास, भात का करपवलास, वल्हं धरलंयस का झाडू. खलाशी शिव्या खातात आणि मनात म्हणतात, याला अजून करपलेल्या भाताची पडली आहे, म्हणजे आपण घरी जाणार. पण तोच तांडेल जर "बाला", "सोन्या" करायला लागला तर समजायचं की त्याचे सगळे उपाय संपले.

हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, भोगून कळलेलं आहे. मी लहान असताना बाबाची होडी उलटली, तेव्हा तिच्यावर असलेला अनंता अजून सांगतो. वारा सुटला, इंजिन बंद पडलं, पाणी आत यायला लागलं, तरी बाबा त्याला भातावरून फाडून खात होता, म्हणून अनंता निर्धास्त होता. मग बाबा एकाएकी गप्प झाला आणि म्हणाला, "अनंता, माज्या राजा, देवाचा नाव घे." अनंता सांगतो, तेवढं ऐकून त्याने पाणी उपसायचं सोडलं. होडी नंतर उलटली, तो आधीच बुडाला होता. त्या दिवशी माझा खंडूकाका गेला. बाबा आणि अनंता एका फळीला धरून राहिले, दुसऱ्या होडीने त्यांना उचललं.

तेव्हापासून बाबाला माणसाच्या आवाजाचं वेडच लागलं म्हणा ना. गुडघे गेले, समुद्र सुटला, तसा तो दिवसभर दारात जाळं विणत बसायचा आणि जो बोलेल त्याचा आवाज कानाने चाचपायचा. शब्दांकडे त्याचं लक्षच नसे. एका निवडणुकीत एक उमेदवार आमच्या वाळूवर आला. हात जोडून "माय-बाप, भावांनो, माझ्या आयाबहिणींनो" म्हणत असं काही बोलला की बायकांचे डोळे भरून आले. बाबा जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, "यो पडनार. टरकलाय." तो पडला, आणि असा पडला की पुन्हा उठला नाही. त्यानंतर संध्याकाळच्या बातम्यांना आमच्या ओटीवर माणसं जमायला लागली. रेडिओवर कुणाचंही भाषण असो, दिल्लीचं असो की लंडनचं, संपलं की सगळे बाबाकडे बघायचे. मला राग यायचा. मी मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते, पेपर वाचत होते, चार गोष्टी मलाही कळत होत्या. पण मला कोण विचारतो? पुरुषांनी ओटीवर बसून जगाचा निकाल लावायचा आणि बायकांनी चहाचे कप उचलायचे.

माझा भाऊ चंदर बापावर गेला होता, म्हणजे तोंडाने. त्याला कधी काही आवडलंच नाही. आमटीत मीठ कमी, गादीत ढेकूण, होडीमालक नाखवा चोर. मासेमारीत मन रमेना म्हणून तो मालवाहू बोटीवर खलाशी लागला. वाड्यातला मोठ्या बोटीवर जाणारा पहिलाच. बाबाला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून चंदर कॅसेट भरून पाठवायचा. गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती यायची, आणि आम्ही सगळे टेपरेकॉर्डरभोवती बसून त्याच्या तक्रारी ऐकायचो. "बाबा, हिकडं डाल म्हंजे नुसता पानी. कप्तान म्हंजे रेडा. गोदीतली मानसं म्हंजे..." पुढची शिवी आई हाताने टेप दाबून बंद करायची. बाबा खूश होऊन मांडीवर थाप मारायचा. "मजेत हाय पोर!"

मग ती बोट बसऱ्याच्या नदीत असताना तिकडे लढाई पेटली. इराक आणि इराण. नदीचं तोंड बंद झालं आणि आत होत्या त्या बोटी आतच अडकल्या. अशा कितीतरी होत्या म्हणे, गाळात रुतलेल्या म्हशींसारख्या. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत पहिलं वर्ष गेलं. त्यातही चंदरच्या कॅसेटी आल्या. त्यांत डाळीला शिव्या होत्या, लढाईला शिव्या होत्या, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना शिव्या होत्या. आमचं बरं चाललं होतं.

ब्याऐंशीच्या शिमग्यानंतर शिवदास आमच्या घरी आला. हा चंदरच्या बोटीवरचाच, मुलुंडला राहणारा. कावीळ झाली म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. पिवळा पडलेला, हाडांचा सापळा. त्याने खिशातून कॅसेट काढली आणि म्हणाला, "तांडेल, हे चंदरने दिलंय. जवाब लवकर पाहिजे. कंपनीच्या ऑफिसातून बोटीवर निरोप जातो, मी पोचवीन."

दुपारची वेळ होती. बाबा, आई, मी, शिवदास आणि अनंता. अनंता तर घरचाच, त्याला वेगळं बोलवावं लागत नसे. मी कॅसेट लावली.

"बाबा, आये, मी चंदर बोलतो. मी बरा हाय. जेवनबिवन झकास असतं. कप्तान लय चांगला मानूस हाय, सगलीच चांगली हायत. आये, तुजी कंबर कशी हाय? जड उचलू नको. नलू, मी तुज्यावर लय ओरडायचो. मनावर घेऊ नको गं."

आईने पदर डोळ्यांना लावला. "कसा गुनी झाला बघ माजा पोर. बाहेरचा पानी लागला."

"गुनी बिनी ऱ्हाऊ दे," बाबा खेकसला. "कामाचा काय ते आइकू दे."

कामाचं पुढे होतं. चंदर सांगत होता की कंपनीने विचारलं आहे, ज्याला जायचं असेल त्याने आत्ताच सांगावं. लॉरीत बसवून कुवेतच्या हद्दीपर्यंत पोचवतील. पण रस्त्यावर गोळे पडतात. आणि बोट सोडून गेला तर खलाशाच्या पुस्तकात लाल शेरा बसेल, मग दुसरी बोट मिळणं कठीण. थांबला, आणि लढाई मिटली, तर बोटीबरोबर सरळ घरी. "हिकडचा पुढारी काल रेडिओवर बोलला. बोटीवर निम्मे बोलतान, जिंकतोय. निम्मे बोलतान, घाबरलाय, आता मिटवनार. मी टेप केलाय. बाबा, तू आइक आनि सांग. तू सांगशील तसा करतो."

बाबाने आमच्याकडे असं पाहिलं की काय सांगू! तू सांगशील तसं, आणि चंदर म्हणतोय! ज्याने बापाचं एक कधी ऐकलं नाही त्याने बापाला कौल लावला होता. बाबाच्या म्हाताऱ्या तोंडावर इतका आनंद मी पूर्वी पाहिला नव्हता.

मग ते भाषण. खरखर, मध्ये टाळ्या, आणि एक जाड, भरदार आवाज. आम्हाला अरबी ओ की ठो कळत नव्हतं. बाबा डोळे मिटून बसला. सुरुवातीला तो माणूस गरजत होता. मग आवाज उतरला. मध्येच थांबला. पुन्हा बोलला तेव्हा असा हळुवार, की जणू एखादा बाप आजारी मुलाच्या उशाशी बसून बोलतोय. बाबाने बोट वर केलं. "हितं. पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. "पुन्हा." अनंतासुद्धा पुढे सरकला. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांना तेच आठवलं असणार.

"बाबा, अगोदर शब्द तरी कळू देत," मी म्हणाले. जोगेश्वरीला एक मौलवीसाहेब राहत होते, कुवेतला बरीच वर्षं काढलेले. मी हट्ट करून बाबाला तिथे नेलं. मौलवीसाहेबांनी चहा दिला, टेप ऐकली आणि म्हणाले, "ते म्हणतात, विजय जवळ आलाय. माझ्या बांधवांनो, तुमची मुलं ती माझी मुलं. त्यांच्या रक्ताचा थेंबन्‌थेंब मला ठाऊक आहे. असंच सगळं. भाषणात असतं ते." मग त्यांनी बाबाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तांडेलसाहेब, यावर मुलाचा निर्णय घेऊ नका."

 घरी आल्यावर बाबा ओटीवर बसला आणि निकाल दिला. "विजय बिजय काय नाय. पोरांनो, सोन्यांनो करतंय. पुरा टरकलाय तो. किनारा शोधतंय. नारली पुनवेच्या आत मिटवतंय बघ लडाई. चंदरला सांगा, होरी सोडू नको."

मी भांडले. खूप भांडले. म्हणाले, शेरा गेला खड्ड्यात, तो जिवंत घरी येऊ दे, बोट नाही मिळाली तर भाजी विकेल. रस्त्यात गोळे पडतात तसे नदीत पडत नाहीत का? बाबा म्हणाला, "लॉरीचा पत्रा आनि बोटीचा लोखंड सारखा हाय का गं?" मी म्हणाले, तू अरबी ऐकून लढाई मिटवणारा कोण? त्यावर त्याने मला अशी शिवी दिली की शिवदासने खाली पाहिलं. मी आईकडे वळले. आई म्हणाली, "त्याचा कान चुकत नाय, नलू." संपलं. शिवदास फोर्टला कंपनीच्या ऑफिसात गेला आणि निरोप गेला: थांब.

नारळी पौर्णिमा आली. वाड्याने वाजतगाजत समुद्राला नारळ दिला. बाबाने पाण्यात उभं राहून हात जोडले आणि घरी येऊन रेडिओ लावला. लढाई मिटली नव्हती. उलट बसऱ्याच्याच आसपास पेटली होती. "दोन दिस मागंफुडं होतं," बाबा म्हणाला आणि चहा थंड म्हणून माझ्यावर ओरडला.

त्यानंतर काही दिवसांनी कंपनीच्या ऑफिसातून माणूस आला. बोटीला गोळा लागला होता. आग लागली. काहींनी नदीत उड्या मारल्या. काही सापडले, काही नाही. चंदर सापडला नाही. मेला, असंही ते म्हणत नव्हते. 'बेपत्ता' म्हणत होते. लॉरीत बसलेली माणसं मात्र सगळी सुखरूप पोचली होती. त्यातला एक उरणचा, तो मुद्दाम भेटायला आला. त्याच्या डोक्यावरून आईने हात फिरवला. मला त्याचं तोंड बघवेना. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा? त्याला कुणा बापाचा निरोप आला नव्हता एवढाच.

आम्ही ऑफिसात खेपा घातल्या. तिथला कारकून भला होता. खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा, म्हणायचा, "बाई, तिकडे फोनच लागत नाही." मी भांडायच्या तयारीने जायचे आणि तशीच परत यायचे. ज्याच्याशी भांडावं असं तिथे कुणी नव्हतंच. लढाई दोन देशांची, नदी त्यांच्याच मुलखात, बोट कुणा परदेशी मालकाची, आणि आम्ही वेसाव्याला बोंबील वाळवणारी माणसं. कुणाच्या दारात जाऊन बोंब मारायची? मी रोज मरोळला जाऊन खोकी बंद करत होते आणि रोज वाटायचं की माझेही हात कुणीतरी चिकटपट्टीने बंद केले आहेत.

आईचं मात्र नवल वाटायचं. ती रडली नाही. कुंकू पुसायचा विषय नव्हता, पण मुलाच्या नावाने तिने पाणीही सोडलं नाही. बाया समजावायला आल्या तर म्हणायची, "हा ओरडतंय का नाय? ओरडतंय. मंग माजा पोर हाय." आणि बाबा खरंच ओरडत होता. पूर्वीपेक्षा जास्त. जाळ्याच्या गाठीवरून, कोंबडीवरून, शेजारच्या रेडिओवरून. जन्मभर तांडेलाची बायको होती ती. नवऱ्याच्या शिव्यांवर ती पोराचा जीव टांगून बसली होती. मी बाबाला काही बोलायला गेले की मला डोळ्यांनी दाबायची.

पण मी बोललेच एकदा. थंडी सरत आली होती, दुपारचं ऊन होतं. समोरच्या काठ्यांवर आई बोंबील अडकवत होती. बाबा आणि अनंता दारात बसले होते. अनंता बाबाची समजूत घालत होता. "तांडेल, तू बरोबरच आइकलास. मीपन आइकला. टरकलाच होता तो."

"टरकलेला मानूस होरी वळवतंय, अनंता," बाबा म्हणाला. "यानं का वळवली नाय? मना तेवढाच कलत नाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तो होता कुठे होडीत?" मी ओरडले. "तू घाबरलास तेव्हा तूपण बुडणार होतास, बाबा. तो कशाला बुडतोय? तो बसलाय किनाऱ्यावर! तो घाबरला काय न् नाही घाबरला काय, बुडणारे दुसरेच. होडीत तर आपला चंदर होता!"

बाबाने मला शिवी दिली नाही. त्याने हातातलं जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "ती कॅसेट आन."

मी आणली. मला वाटलं, पुन्हा ते भाषण. मी टेप पुढे न्यायला लागले तर त्याने हात धरला. "तो नाय. पयलं लाव."

"बाबा, आये, मी चंदर बोलतो. मी बरा हाय. जेवनबिवन झकास असतं. कप्तान लय चांगला मानूस हाय, सगलीच चांगली हायत. आये, तुजी कंबर कशी हाय? जड उचलू नको. नलू, मी तुज्यावर लय ओरडायचो..."

अनंताने तोंडावर हात ठेवला.  डाळीला शिवी नाही. कप्तानाला शिवी नाही. ज्याने जन्मात कुणाला चांगलं म्हटलं नाही तो सगळ्यांना चांगलं म्हणत होता, आणि आम्ही त्याला 'कामाचं बोल' म्हटलं होतं. त्या पुढाऱ्याचा आवाज तेवढा आम्ही पुन्हा पुन्हा लावून ऐकला. पोराचा एकदाच.

चंदरचं बोलणं संपलं तशी बाबाने टेप बंद केली. मग भिंतीला धरून उठला, गुडघे सावरत वाळूत उतरला आणि काठ्यांपाशी आईजवळ जाऊन उभा राहिला. टेपचा आवाज तिच्यापर्यंत गेला नव्हता. तिच्या हातात ओले बोंबील होते. जन्मभर तो तिला 'ए' म्हणत आला होता.

"पारू," तो म्हणाला. इतकं मऊ बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "ऊन लागतंय तुना. सावलीत बस. जेवलीस का गं?"

 आईच्या हातातून बोंबील खाली पडले आणि तिने असा हंबरडा फोडला की घराघरातून माणसं धावत बाहेर आली. काय झालं, काय झालं, सगळे विचारत होते. अनंताने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि त्यांना म्हणाला, "चंदर गेला."